मेइ, रविवारचं जेवण राहिलं

मेइ, तू मला रविवारी जेवायला बोलावलंस आणि शुक्रवारी मरून गेलीस. जेवायला बोलावून घराला कुलूप लावून निघून जाणाऱ्या माणसांना आपण दोघींनी आयुष्यभर नावं ठेवली. आता तुला काय म्हणू?

शुक्रवारी सकाळी आपण फोनवर भांडलो होतो. तुझा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. मागे कढईत लसूण पडल्याचं चुरचुरणंही ऐकू आलं. येताना काय आणू, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "काई नको आनू. फक्त तोंड आनजो, अन् खाऊन होयेपर्यंत ते बंद ठेवजो." मी फोन आपटला. रविवारी तोंड उघडल्यावर तुला काय काय सुनावायचं याची मनातल्या मनात तयारी करत मी धुणं वाळत घालायला अंगणात गेले, तर सोमाजीचा फोन. तुझ्या हॉटेलात इतकी वर्षं कढईवर उभा असलेला सोमाजी, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, कामापलीकडे शब्द न बोलणारा. तो म्हणाला, "बाई, मेयबाई उठून नाई राह्यल्या." मी म्हटलं, "मंग उठव ना बापा." मी फोन ठेवला आणि राहिलेले कपडे वाळत घातले. चादर झटकली, टोकाला टोक लावून नीट घातली. मग मी अनवाणी चौकापर्यंत आले होते, हे मला नंतर रिक्षावाल्यानं सांगितलं.

तू मागच्या दाराशी स्टुलावर बसलेली होतीस, भिंतीला टेकून. नदीपलीकडून जीपमध्ये पोत्यानं येतात ते वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, तुझ्यासमोर अर्धे सोललेले पडले होते. सुरी मांडीवर होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, तिच्या हृदयाला काहीसुद्धा झालेलं नाही, सकाळी ती माझ्याशी भांडली आहे. मला ते अजून पटलेलं नाही. हे लिहिते आहे तेसुद्धा तू वाचशील आणि चुका काढशील, अशाच बेतानं लिहिते आहे.

चुका काढणं हे तुझं आवडतं काम, आणि तुझं काही चुकतच नाही हा तुझा जन्मजात समज. चौथीत आपण एका बाकावर आलो. तो बाक तुझ्या आजोबांनी केलेला आहे, हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस आणि त्या हक्कानं बाकाचा मोठा भाग घेतलास. तुझे आजोबा सुतार. चीनच्या कँटन भागातून कलकत्त्याच्या गोदीत आले, तिथून एका लाकूड ठेकेदारासोबत आलापल्लीच्या सागवानापाशी, आणि सागवानाच्या मागे मागे आपल्या ब्रह्मपुरीत. शाळेची बाकं, कचेरीतली टेबलं, कॉलेजातल्या खुर्च्या त्यांच्या हातच्या. आजी म्हणायची, "बुढ्यानं लाकूड पाह्यलं, अन् म्या बाजारात वास्ते पाह्यले. म्हनून आमी इथी राह्यलो." बांबूचे कोंब पुढ्यात मांडून बसलेल्या बाया दिसल्या, तेव्हा हा मुलूख अगदीच परका नाही असं तिला वाटलं असावं.

मग बासष्टची लढाई झाली. आपण दोघी तेव्हा पाळण्यात. तुमच्या घराला ठाण्यात हजेरी लागली, गावाबाहेर पाऊल टाकायला परवानगी लागू लागली. कलकत्त्याच्या काकाला धरून राजस्थानातल्या छावणीत नेलं. आजोबांच्या दारात नवं काम घेऊन कुणी येईना. ज्या बाकांवर बसून गावातली पोरं चीनविरुद्धच्या घोषणा पाठ करत होती, ती बाकं आजोबांनीच केलेली होती. ही गोष्ट तू नेहमी हसत सांगायचीस. मला तिच्यावर कधी हसता आलं नाही.

सुतारकाम बंद पडलं तसा तुझ्या बाबांनी बसस्टँडसमोर गाडा लावला. जगभर असंच झालं, तू म्हणायचीस. चिनी माणूस जिथं गेला तिथं त्याच्या हातचं मूळ काम लोकांनी नाकारलं की त्यानं कढई मांडली, आणि समोरच्याच्या जिभेकडे बघून तिच्यात काय टाकायचं ते ठरवलं. अमेरिकेत साखर टाकली, आपल्याकडे हिरवी मिरची. बाबांच्या नूडल्सना गावानं आधी गांडुळं म्हटलं. मग त्यांनी फ्राइड राइस केला. त्याला आदल्या दिवशीचा भात लागतो, तोच मोकळा होतो. पण आपला धानाचा मुलूख. शिळ्या भाताला फोडणी देऊन घरी मुकाट्यानं खाणं वेगळं आणि पाहुण्याला तो वाढणं वेगळं. एका म्हाताऱ्यानं भर रस्त्यात बाबांना विचारलं, "काऊन गा, आमी काय तुह्या घरचे गडी हाओ? शिळं चारून राह्यला?" त्या दिवसापासून बाबा सकाळी भात शिजवायचे, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत परातीत पसरायचे आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे. ती परात बघायलाच लोक थांबू लागले. मग नूडल्सवर कोथिंबीर आली, रश्शात चिमूटभर काळा मसाला आला. मंचुरियन तर बाबा नागपूरहून शिकून आले. तुझ्या आईनं पहिला गोळा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "हे कोन्या देशाचं हाय?" बाबा म्हणाले, "चीनचं म्हनतेत."

आपलं मोठं भांडण इथलंच. मी मराठीची मास्तरीण. मूळ शब्द कुठला, मूळ अर्थ काय, याचा मला किडा. तुझ्या हॉटेलात बसून, तुझंच मंचुरियन खात, मी म्हणायची, हे सगळं नकली आहे, मला तुमच्या घरचं खरं चायनीज खाऊ घाल. तू म्हणायचीस, "हे खोटं हाय का? पोट भरलं नाई का तुवं?" तुझी धाकटी बहीण लान लग्न होऊन टोरांटोला गेली, तिथं तिनंही हॉटेल काढलं, आणि त्यात हेच आपलं मिरची-लसणाचं ठेवलं. नागपूरकडची पोरं लांबून गाडी चालवत येतात आणि सांगतात, खरं चायनीज या एकाच ठिकाणी मिळतं. तिथले चिनी लोक मात्र एक घास खाऊन विचारतात, हे कोणत्या देशाचं? हे मला सांगताना तू टेबलावर डोकं टेकून हसली होतीस. मी तरीही हट्ट सोडला नाही. सोडला असता तर आपण एवढी वर्षं बोललो तरी काय असतो?

पण वरच्या मजल्यावर, तुमच्या घरच्या जेवणाला, तू मला कधी बसवलं नाहीस. जिन्यावरून वास यायचा, मी नाक वर करायची, आणि तू दार ओढून घ्यायचीस. "खाली सारं गाव खाते. वरचं तेवढं आमचं ठेव ना," म्हणायचीस.

खाली मात्र तू मला सगळं शिकवलंस. खायच्या काड्या पहिल्यांदा हातात दिल्यास तेव्हा आपण सहावीत होतो. मला घास उचलता येईना, म्हणून मी वैतागून त्या भातात उभ्या खोवल्या. तू माझ्या हातावर असा फटका मारलास की बाबा गाड्यावरून धावत आले. "तसं मेलेल्याच्या भातात लावते, बह्याड!" तेव्हापासून तुला चिडवायचं असलं की मी काड्या उभ्या खोवायची. दर वेळी फटका पडला. कॉलेजात पडला, माझ्या लग्नाच्या बोलणीला आलेल्या मंडळींसमोर पडला, मागच्या महिन्यात माझ्या सुनेसमोर पडला. सून बिचारी घाबरली. मी तिला सांगितलं, हे आमचं असंच असतं.

माझी वरोऱ्याला बदली झाली होती, मुलगा लहान होता, नवरा नोकरीनिमित्त दुसरीकडे होता. दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर तुझा स्टीलचा डबा यायचा. त्यात मुलासाठी बिनमिरचीचे नूडल्स आणि माझ्यासाठी भात. कंडक्टर डबा देताना न चुकता सांगायचा, "मेयबाईनं सांगितलं, भात ताजा हाय." त्या म्हाताऱ्याचा राग तू दुसऱ्या पिढीपर्यंत धरून ठेवलास. तो डबा उघडला की मी वरोऱ्यात एकटी नाही असं वाटायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आठवडाभर कॉलर ताठ करून फिरली असतीस. आता सांगते.

आणि बाबा गेले तो दिवस. माझे बाबा. त्यांनी छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली होती आणि बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांकडून तोंडपाठ करून घेतल्या होत्या. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. त्यांची आई गेली तेव्हा सगळ्या भाऊबंदांचा रोष पत्करून त्यांनी भाताचा गोळा ठेवू दिला नव्हता. याचा मला फार अभिमान आहे. तर बाबांना घरातून न्यायच्या आधी तू दारात उभी राहिलीस, हातात भाताची वाटी, भातात काड्या उभ्या. मी तुला उंबऱ्यावरच अडवलं. म्हटलं, "आमच्यात ठेवत नाहीत." तू म्हणालीस, "तुमच्यात नाई ठेवत. मी कुठी तुमच्यातली हाय?" मी म्हटलं, मेलेला माणूस खात नाही, मेइ. "खात नाई तं काय झालं? पाह्यते ना, कोनं आनलं ते." मी हटले नाही. मग तू ओट्यावर बसलीस, काड्या उपटल्यास आणि तो भात शेवटच्या शितापर्यंत स्वतः खाल्लास, रडत रडत. वाया का घालवायचा, म्हणालीस. उठताना विचारलंस, "मी मेली तं ठेवशीन का नाई?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "ठेवशीन." त्यानंतर कित्येकदा हा विषय निघाला. दर वेळी तू ठेवशीन म्हणालीस, मी नाही म्हणाले, आणि आपण चहा मागवला.

तर शनिवारी तुला न्यायचं होतं. आजी-आजोबा, आई-बाबा जिथं आहेत तिथंच, नदीच्या रस्त्यावर. तुझं रक्ताचं उरलेलं एकच माणूस, लान, तिला वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. ती सोमाजीनं धरलेल्या फोनच्या पडद्यावर होती, तिच्याकडे अजून अंधार होता. विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. "चीनची म्हनजे आपलीच," असं त्या पहिल्यापासून म्हणत आल्या आहेत. तुमच्या देवघरातला तांबड्या तोंडाचा, लांब दाढीचा देव बघून एकीनं मागे विचारलं होतं, हा कोणता बुद्ध, आणि तू सांगितलं होतंस, "हा लढनारा." त्यांनी त्रिशरण म्हटलं. लाननं तिकडे हात जोडले. तू त्या गर्दीत शांत पडून होतीस, आणि इतका वेळ तू गप्प राहूच शकत नाहीस, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात सोमाजीनं फोन एका बाईच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरातून मोठं ताट आणलं. पहाटेपासून एकटा उभा राहून त्यानं केलं होतं. मंचुरियनचा लालभडक ढीग, चिली चिकन, वर बारीक चिरलेला पातीचा कांदा. शेजारच्या सुशीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "चायनाचं मानूस. त्याले चायनीजच पायजे ना शेवटी." सगळ्यांनी माना डोलावल्या. अख्ख्या गल्लीत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आणि तू तर वर्षानुवर्षं मंचुरियन जिभेला लावलेलं नव्हतंस. वासानंच पोट भरते, म्हणायचीस. मला हसू फुटलं. मोठ्यानं. लोक बघायला लागले. हे तुला सांगायलाच हवं, म्हणून मी मान वळवली, तोंड उघडलं, आणि तू तशीच पडलेली. शुक्रवारपासून पहिल्यांदा मी खाली बसले.

लान फोनमधून म्हणाली, "वंदूताई, घरच्या मानसानं भात ठेवा लागते. तिले उचलाच्या आधी. काड्या लावून." घरच्या माणसानं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. ती पुढं म्हणाली, "ते लाल नका ठेवू. तिनं तुमच्यासाठी रविवारचं करून ठेवलं असन, आजीचं. फ्रीजमध्ये पाह्य गा सोमाजी. ते आधीच करा लागते, रोज वाफवा लागते. शिळंच चांगलं लागते ते."

शिळंच. म्हणजे वर, दार ओढून, तुम्ही पिढ्यान् पिढ्या शिळं खात होतात, आणि खाली आम्हाला ताज्या भाताला वारा घालत होतात.

सोमाजीनं झाकणाची खोल वाटी आणून माझ्या हातात दिली. आत डुकराच्या मटणाचे जाड तुकडे होते आणि त्यांच्याखाली काळपट, मऊ झालेला पाला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी मी भांडले ते हेच. मी चिमटीभर पाला तोंडात टाकला. आणि मला माझ्या आईचं स्वयंपाकघर आठवलं, हे खोटं नाही. ती लाखोळी होती. चामोर्शीजवळच्या आमच्या धानाच्या बांध्यांमधली लाखोळी, धान कापल्यावर उगवते ती लाखेची डाळ. तिचा कोवळा पाला खुडून आई उन्हात वाळवायची, आता वहिनी वाळवते, आणि दर हिवाळ्यात मी त्यातली एक पिशवी तुला देते. तू ती सोमाजीच्या घरी देऊन टाकत असशील, असंच मला वाटायचं.

मी म्हटलं, "लान, ही तर लाखोळी आहे."

"मंग कोनती राहीन?" लान म्हणाली. ती रडत होती आणि तिला माझं नवल वाटत होतं. "आजीले इथी तिकडची भाजी कुठी भेटनार होती? तुमच्या मायनं लाखोळी देल्ली, तवापासून तेच. आमाले तं घरचं म्हनजे हेच माहीत हाय."

मेइ, तू जिंकलीस. हे ऐकायला तू हवी होतीस. रविवारी मी घास तोंडात घातला असता, मला कळलं असतं, आणि तू समोर बसून माझं तोंड बघत राहिली असतीस. त्या तोंडाची मजा बघायला तर तू मला बोलावलं होतंस. काय घाई होती तुला?

भात मीच शिजवला. ताजा, मोकळा. विहारातल्या बाया माझ्याकडे बघत होत्या, त्यांनाही माझ्या बाबांचं घर माहीत आहे. बाबांच्या प्रतिज्ञा मला आजही तोंडपाठ आहेत. ते असते तर रागावले असते की गप्प बसून राहिले असते, मला सांगता येत नाही. मेलेला खात नाही, हे मी अजूनही म्हणते. तू उठून बस, तुझ्या तोंडावर म्हणते. पण लान घरचं माणूस म्हणाली होती, आणि त्या खोलीत मला दुसरं कुणी दिसेना.

वाटीत भात घातला. वर लाखोळी, त्यावर एक तुकडा. वाटी तुझ्या उशाशी ठेवली. तुझ्या रोजच्या काड्या सोमाजीनं धुऊन दिल्या, त्या मी भातात उभ्या खोवल्या, खोलवर, तुला चिडवायला खोवायची तशाच. आणि हात तिथंच धरून ठेवला.

बराच वेळ धरला. फटका आला नाही.